फ्रान्सच्या कालव्यात बोटीने: सात दिवस, ऐंशी किलोमीटर

मंदगामिनी

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं (मी, नवरा, धाकटा दीर आणि जाऊ) दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीवर आठवडाभर बोटीत राहिलो. बोट भाड्याची, चालवणारे आम्हीच. कास्तेलनोदारी ते ओम्प्स, अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. म्हणजे पुण्याहून निघून खोपोलीला पोहोचायला सात दिवस. परत आल्यावर सोसायटीत सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मध्ये बोट बंद पडली होती का?"

बंद पडली नव्हती. तशीच असते ती.

खरं तर आमचाही घोळ इथेच झाला होता. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता: रोज इतके तास, इतके किलोमीटर, सातव्या दिवशी भूमध्य समुद्र. बुकिंगच्या आधी दिराने तो तक्ता बोटवाल्यांना मेलवर पाठवला. उत्तर सभ्य भाषेत होतं, पण अर्थ एवढाच की तुम्ही लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी दोन दारांची कोठी) धरलेले नाहीत, जेवणाची सुट्टी धरलेली नाही, आणि बाजारहाटही धरलेला नाही. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. वाटेत लॉकवर लॉक. दुपारी साडेबारा ते दीड लॉक बंद, कारण लॉकवाला माणूस जेवतो. संध्याकाळी सातला बंद ते बंदच, आणि भाड्याच्या बोटींना अंधारात चालवायला मनाई. समुद्र रद्द करून आम्ही ओम्प्स ठरवलं. हा आमच्या सहलीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय, आणि तो आमचा नव्हता.

परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना एक माणूस पाऊण तास शिकवतो: इंजिन असं चालू, हे पुढे, हे मागे, पाण्याची टाकी इथून भरायची, गॅस इथून बंद. मग तुमच्याबरोबर बंदरातच एक फेरी मारतो आणि उडी मारून निघून जातो. तो गेल्यावर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

कास्तेलनोदारीचा ग्राँ बासँ म्हणजे सात हेक्टरचा तलावच आहे, त्यामुळे तिथे वेडंवाकडं वळायला जागा मिळते. पण तलावाच्या तोंडाशीच सेंट रॉकचे लॉक, एकापाठोपाठ चार. म्हणजे पहिल्याच पेपरला गणित. बोट लॉकमध्ये घ्यायची, मागचं दार बंद होतं, पुढच्या दारातल्या झडपा उघडतात आणि पाणी खाली जायला लागतं. काठावरच्या खुंट्याला दोर बांधायचा नाही, नुसता एक वेढा देऊन टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. हे आम्हाला दोनदा सांगितलं होतं. तरी दिराने सवयीने गाठ मारली. आयुष्यभर स्कूटरवर गॅसचं सिलिंडर बांधणारा माणूस, गाठ कशी मारणार ते विचारू नका. पाणी उतरलं, बोटीची पुढची बाजू वरच लटकली, कपाटातून सगळी भांडी धडाधड बाहेर. लॉकवाली बाई ओरडत धावली, पाणी थांबवलं, दोर सुटला आणि बोट धप्पकन खाली बसली. फुटला एकच कप. ती बाई मग फार गोड हसली, पण पुढच्या तीनही लॉकना ती दिराच्याच समोर उभी होती.

नंतर जमलं. चौथ्या दिवशी आम्ही न बोलता लॉक पार करत होतो: नवरा सुकाणूवर, दीर पुढच्या दोराला, मी मागच्या, जाऊबाई काठावर.

फोटो निवडते आहे. तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

अर्धा_कप_चहा

सिलिंडरवाली गाठ!! फोटो येऊ द्यात. भांडी पडतानाचा आहे का?

सह्यकडा

लेखन छान, पण एक प्रामाणिक शंका. कास्तेलनोदारीहून कारकासोनला रेल्वेने वीसेक मिनिटं लागतात. तुम्ही त्याच अंतराला दोन-तीन दिवस घेतलेत, वर बोटीचं भाडं, डिझेल, अनामत. तेवढ्या पैशांत पॅरिस, लुआरचे महाल आणि आल्प्स झाले असते. लांबवर एवढा खर्च करून जायचं आणि झाडं बघत बसायचं, हे मला तरी पटत नाही. राग नसावा.

मंदगामिनी

@सह्यकडा, राग कसला. भाडं चौघांत मिळून साधारण अठराशे युरो पडलं. त्यात राहणं आणि प्रवास दोन्ही आलं, स्वयंपाकही बोटीवरच, त्यामुळे हॉटेलांच्या हिशोबात फार वेगळं नाही. पण तुमचा मुद्दा पैशांचा नाही हे कळतंय.

बघा, रेल्वेने गेलो असतो तर ब्राम हे गाव आम्ही पाहिलं नसतं. कालव्यावरच्या धक्क्यापासून दीडेक किलोमीटर आत आहे. देऊळ, म्हणजे चर्च, मधोमध आणि घरं त्याच्याभोवती गोल गोल वर्तुळात, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. आम्ही ब्रेड आणायला म्हणून सायकलींवर गेलो आणि तासभर त्याच त्या गल्लीत फिरत राहिलो, कारण गोल गल्लीत आपण कुठून आलो ते कळतच नाही. बेकरीवाली तीनदा दिसली. तिसऱ्यांदा तिनेच हात केला.

कारकासोनला मात्र दोन रात्री थांबलो. बोटींचं बंदर आणि लॉक रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर. म्हणजे स्टेशनातून बाहेर येणारी माणसं बॅगा ओढत थांबतात आणि आपण लॉकमध्ये उतरताना बघतात. प्रेक्षक असले की हमखास चूक होते, तेवढं सोडून द्या. प्लास कार्नोला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. किल्ला नदीपलीकडे, चालत अर्धा तास. तीन किलोमीटर तटबंदी, दुहेरी, बावन्न बुरूज. दिवसा गर्दी अशी की सिंहगडाचा रविवार परवडला. आम्ही संध्याकाळी सहानंतर गेलो. आतली दुकानं आवरत होती आणि दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात आम्ही चौघंच.

किल्ल्याची दंतकथा वेशीवरच ऐकायला मिळते. शार्लमेन राजाचा वेढा पडलेला, धान्य संपलेलं. कारकास नावाच्या बाईने उरलासुरला गहू एका डुकराला चारला आणि ते डुक्कर तटावरून खाली फेकलं. शत्रूला वाटलं, डुकरांना गहू चारतात म्हणजे आत किती साठा असेल! वेढा उठला, बाईंनी घंटा वाजवल्या, आणि 'कारकास सॉन', म्हणजे कारकास वाजवते आहे, यावरून गावाचं नाव. इतिहासात याला काडीचा आधार नाही. पण आपल्या प्रत्येक गडावर अशी एक बाई असतेच, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

टूलूझकर

धागा बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं टूलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे, आणि कालव्याकाठच्या रस्त्यावरून सायकलने कामावर जातो. आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे बरेच निघाले, त्यामुळे रविवारी कालव्याकाठी 'अरे थांब रे' अशी हाक ऐकू आली तर दचकू नका.

मंदगामिनीताईंनी इतिहासाला हात घातला नाही म्हणून थोडी भर घालतो. हा कालवा चौदाव्या लुईच्या काळातला, काम १६६६ ते १६८१. बांधणारा प्येर-पॉल रिके हा इंजिनियर नव्हता. बेझिएचा माणूस, मिठावरचा कर गोळा करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. अटलांटिक आणि भूमध्य जोडले तर स्पेनला वळसा घालायला नको, ही कल्पना जुनी होती. अडचण पाण्याची होती. मधल्या उंचवट्यावर, नोरूझला, १८९ मीटर उंचीवर बाराही महिने पाणी आणायचं कुठून? कारण लॉकचं दार उघडलं की दर वेळी वरचं पाणी खाली जातं. कालवा दोन्ही बाजूंनी सतत गळत असतो म्हणा ना. रिकेने मोंतान्य न्वारच्या, म्हणजे काळ्या डोंगराच्या, ओढ्यांचं पाणी चर खणून नोरूझला आणलं आणि सेंट फेरेओलला मातीचं मोठं धरण बांधलं. ते धरण आजही चालू आहे. आम्ही उन्हाळ्यात तिथे पोहायला जातो.

कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती. त्यात बायका पुष्कळ. त्याने मजुरांना पावसाच्या दिवसाचे आणि सणाचेही पैसे दिले, ही त्या काळातली अजब गोष्ट. स्वतःचे पैसे ओतले, कर्ज केलं आणि १६८०च्या ऑक्टोबरात वारला. कालवा उघडला पुढच्या मे महिन्यात. वारसांना कर्जातून सुटायला चाळीसेक वर्षं लागली.

तुम्ही लॉकचा आकार पाहिलात ना? सरळ भिंतींचा चौकोन नाही, बदामासारखा फुगीर. सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली, म्हणून पुढे भिंती कमानीसारख्या वाकवल्या. कमान उभी असते, ही आडवी, इतकाच फरक.

@सह्यकडा, तुमचा रेल्वेचा मुद्दा फ्रेंचांनी दीडशे वर्षांपूर्वीच मांडला होता :) १८५७ला बोर्दो ते सेत रेल्वे झाली आणि १८५८ला सरकारने हा कालवा त्याच रेल्वे कंपनीला चाळीस वर्षांच्या भाड्याने दिला. मांजराला शिंक्याची राखण. कंपनीने कालव्याची वाहतूक कशी सांभाळली असेल ते सांगायला नको.

सह्यकडा

मांजराला शिंक्याची राखण हे आवडलं. बाकी मत तूर्त कायम.

नाखव्याचा_नातू

ताई, आम्ही रत्नागिरीकडचे, आजोबांचं गलबत होतं. त्यामुळे बोट चालवण्याबद्दल सविस्तर लिहा की. सुकाणू कसं लागतं? वारा असतो का? उथळ कालव्यात तळ घासत नाही का? दोराबद्दल तुमच्या दिरांना सांगा, आमच्याकडे पोरांना पहिलं हेच शिकवतात, की गाठ अशी मारायची जी एका हिसक्यात सुटेल.

मंदगामिनी

@नाखव्याचा_नातू, तुमचा निरोप पोहोचवला. दिराचं म्हणणं, "आधी भेटायला हवे होते."

सुकाणूबद्दल नवऱ्याला विचारून लिहिते. गाडीसारखं पुढचं तोंड वळत नाही, मागची बाजू उलट दिशेला सरकते. आणि चाक फिरवल्यावर बोट तीन-चार सेकंद काहीच करत नाही. मग नवा माणूस घाबरून आणखी फिरवतो आणि बोट एकदम आडवी. पहिला दिवसभर आम्ही नागमोडी चाललो. समोरून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला बघून बोट काठालाच लावली आणि आम्ही जाईपर्यंत कॉफी पीत बसले. दुसऱ्या दिवशी कळलं की चाक थोडंसं फिरवून लगेच परत मध्यावर आणायचं आणि गप्प बसायचं. नवऱ्याला यातलं गप्प बसणं जड गेलं.

अरुंद जागी ब्रेक म्हणजे उलटं इंजिन. त्यातही बोट सरळ मागे येत नाही, एका अंगाला ओढते. आमची डावीकडे ओढायची. ते एकदा कळलं की तेच वापरून काठाला लावता येते.

वारा आहे. तिकडे 'सेर्स' म्हणतात, वायव्येकडून येतो. आम्हाला दोन दिवस लागला. जाताना पाठीमागून, म्हणून बरं. पण धक्क्यावरून सुटताना तो बोटीला काठावरच दाबून धरायचा. पुढचा दोर तसाच ठेवून इंजिन हळू पुढे दिलं की मागची बाजू काठापासून सुटते, मग उलटं इंजिन देऊन बाहेर. हे आम्हाला शेजारच्या बोटीतल्या डच आजींनी शिकवलं. वय ऐंशीच्या घरात असेल, आणि त्या एकट्या दोन्ही दोर बघत होत्या.

तळ घासतो, काठाजवळ. म्हणून सुटल्यावर मध्यातून जायचं. गावाबाहेर मुक्काम करायचा असेल तर लोखंडी मेखा दिलेल्या असतात, त्या काठावर हातोड्याने ठोकून दोर त्यांना. झाडाला बांधायला सक्त मनाई. का ते टूलूझकर सांगतील.

टूलूझकर

सांगतो, पण विषय दुःखद आहे.

कालव्याच्या सगळ्या फोटोंत दोन्ही बाजूंनी कमान केलेली झाडं दिसतात ना, ती प्लाटान. आपल्या ओळखीत सांगायचं तर काश्मीरच्या चिनाराची भाऊबंद. बहुतेक एकोणिसाव्या शतकातली लागवड, साधारण बेचाळीस हजार झाडं. शोभेसाठी नव्हेत. मुळं काठ धरून ठेवतात आणि सावलीने पाण्याची वाफ कमी होते. २००६ला व्हिलदुबेरजवळ त्यांच्यात एका बुरशीचा रोग सापडला. झाड काही वर्षांत वाळतं आणि औषध नाही. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून आली असं मानतात. तेव्हापासून झाडं तोडून तिथल्या तिथे जाळतात आणि जागेवर वेगवेगळ्या जातींची रोपं लावतात, म्हणजे पुन्हा एकाच रोगाने सगळी जाणार नाहीत. बोटीच्या घासण्याने, दोराने मुळांना किंवा सालीला जखम झाली की रोग पुढच्या गावाला. म्हणून बांधायचं नाही.

माझ्या सहा वर्षांत ओळखीची किती झाडं गेली ते मी मोजत नाही. टूलूझ शहरातली सावली अजून बरीच टिकून आहे.

मंदगामिनी

कारकासोन ते त्रेबच्या पट्ट्यात आम्ही ते पाहिलं. सकाळी सावलीतून निघालो, आणि एका वळणानंतर दोन्ही काठ उघडे. नुसती काठीला बांधलेली रोपं, डोक्यावर ऊन. जाऊबाई म्हणाल्या, रस्ता रुंदीकरणानंतरचा कर्वे रोड.

शेवग्याची_शेंग

शाकाहारी माणसाने तिकडे काय खायचं? कास्तेलनोदारी म्हणजे कासुले ना? टीव्हीवर पाहिलंय. त्यात सगळं 'ते'च असतं.

मंदगामिनी

@शेवग्याची_शेंग, हो. पांढरी बी, बदकाची तंगडी, डुकराचं मांस, सॉसेज, आणि सगळं कासोल नावाच्या मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास भट्टीत. भांड्यावरूनच पदार्थाचं नाव. नवरा आणि जाऊबाई खातात, त्यांनी खाल्लं आणि दुपारभर बोट मी चालवली, कारण दोघं आडवे.

मी आणि दीर न खाणारे. पण बाजारात तेच लँगो नावाचे पांढरे दाणे मिळाले. सोमवारी कास्तेलनोदारीचा बाजार असतो. रात्री भिजत घातले, सकाळी शिजवले, घरून नेलेला गोडा मसाला आणि थोडा गूळ. चिंच नव्हती, टोमॅटोवर भागवलं. सांगते काय, वालाच्या बिरड्याची बहीण झाली! मेणासारखे दाणे, पण फुटत नाहीत. ओळीने लागलेल्या बोटींमध्ये मोहरी तडतडली तेव्हा शेजारच्या बोटीतून एक डोकं बाहेर आलं. वाटीभर दिली. वाटी परत आली ती बकरीच्या चीजचा तुकडा घेऊन, रिकामी नाही. हे बघून मला आईची आठवण आली.

बाकी शाकाहाऱ्याला मजा आहे: ब्रेड, चीज, वांगी, पीच, अंजिरं, ऑलिव्ह. फक्त रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी दुकानं बंद. आणि दुपारच्या सुट्टीत गावात चिटपाखरू नसतं. साडेअकराला भाजी आणली नाही तर खिचडी. आम्ही दोनदा खिचडी खाल्ली.

शेवग्याची_शेंग

वालाच्या बिरड्याची बहीण! आता जायलाच हवं. मसाला बॅगेत चालतो ना?

मंदगामिनी

कोरडा, बंद पाकिटातला नेला. दुधाचं काही नेलं नाही.

भाषाशुद्धी

लेख चांगला. 'लॉक' हा शब्द फार वेळा आला. मराठीत 'जलपाश' हा सुंदर शब्द आहे.

अर्धा_कप_चहा

"अगं ए, जलपाश आला, दोर धर!" म्हणेपर्यंत बोट दारावर आपटेल.

भाषाशुद्धी

विनोद करा. पण गलबतावर 'सुकाणू' म्हणता ना, 'स्टीअरिंग' नाही?

नाखव्याचा_नातू

यांचंही बरोबर आहे. आमच्याकडे खाडीला लॉक नव्हते, म्हणून शब्द घडला नाही. असते तर आजोबांनी एका अक्षराचा केला असता.

कमळाबाईंचा_जावई

आम्ही दोघं साठीपुढचे. सौ.चे गुडघे कुरकुर करतात. झेपेल का? शिवाय हाच कालवा बरा की दुसरा एखादा? पुढल्या मे महिन्याचा विचार आहे.

बर्गंडीची_वाट

काका, मी उत्तर देते. आम्ही दोनदा गेलोय, दोन्ही वेळा बर्गंडीत, कॅनाल द्यू निव्हर्नेवर. ओसेर ते दसीझच्या बाजूचा हा १७४ किलोमीटरचा कालवा. मला तो मिदीपेक्षा जास्त आवडतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला पक्षपाती धरूनच वाचाल.

तिथे गर्दी कमी आणि हिरवं जास्त. बऱ्याच लॉकची दारं अजून हाताने, दांडा फिरवून उघडतात. लॉकवाल्याला एका बाजूचं दार उघडायला मदत केली की तो खूश, काम निम्म्या वेळात. एका लॉकपाशी मी मध आणि चीज विकत घेतलं, दुसऱ्यापाशी वाइन. ओसेरहून निघताना मागे वळून बघा: योन नदीच्या काठावर कॅथेड्रल आणि सेंट जर्मेनचा मठ, एकावर एक चढलेले. मठाच्या तळघरात फार जुनी भित्तिचित्रं आहेत, तेवढ्यासाठी अर्धा दिवस काढा.

हा कालवा माणसांपेक्षा लाकडांसाठी. मॉर्व्हाँच्या जंगलातलं जळाऊ लाकूड पॅरिसला पाण्यातून सोडायचे. क्लामसी गावात ओंडके बांधून तराफे करायचे आणि तराफ्यावर उभं राहून माणसं पॅरिसपर्यंत जायची. पुलावर त्या तराफेवाल्याचा पुतळा आहे. पॅरिसच्या शेकोट्या कित्येक पिढ्या या गावाने पेटत्या ठेवल्या आणि गावात मात्र आज एक शांत चौक आणि चांगली बेकरी.

पुढे सार्दीला ओळीने सोळा लॉक. तिथे सकाळी शिरायचं, पाण्याच्या बाटल्या भरून. मग ला कोलॉन्सेलचे बोगदे, आत गारठा आणि थेंब थेंब पाणी. माझ्या सासूबाई पूर्ण बोगदाभर रामरक्षा म्हणत होत्या आणि आवाज असा घुमत होता की पलीकडे वाट बघणाऱ्या बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघ्यांचं म्हणाल तर बोट निवडताना डेक एका पातळीवर असलेली घ्या. काही बोटींत झोपायच्या खोलीत उतरायला पायऱ्या असतात, त्या नकोत. आणि उताराच्या दिशेने जा. चढताना लॉकच्या तळाशी बोट असते, काठ डोक्यावर. कुणीतरी आधी उतरून शिडीने वर जाऊन दोर झेलावा लागतो. उतरताना काठ कमरेइतकाच, दोर हातात धरून बसलं तरी चालतं. सार्दीचे सोळा चढायचे की उतरायचे ते त्यावरून ठरवा.

मंदगामिनी

+१. आम्ही नकळत उताराकडे गेलो होतो. नोरूझचा उंचवटा कास्तेलनोदारीच्या पश्चिमेला, आम्ही पूर्वेला, त्यामुळे सगळे लॉक उतरणीचे. काका, एक सांगते: मिदीवर जायचं तर फोन्सरान बघायला बेझिएला नक्की जा, बोटीने नसेल तर रेल्वेने. जिन्यासारखे लागून लॉक आणि खाली ऑर्ब नदी, पलीकडे टेकडीवर बेझिएचं कॅथेड्रल. आम्ही शेवटी एक दिवस तिथे काढला. काठावर बसून दुसऱ्यांच्या चुका बघण्यासारखं सुख नाही. एका बोटीवर नवरा-बायको दोघंही एकाच वेळी काठावर उतरले होते.

टूलूझकर

फोन्सरान म्हणजे रिकेच्या गावातली परीक्षा. २१ मीटरचा उतार. आणि तिथून जवळच माल्पासचा बोगदा, १६७९चा. बोटींसाठी खणलेला जगातला पहिला कालव्यावरचा बोगदा. डोंगर भुसभुशीत म्हणून काम थांबवायचा हुकूम यायच्या बेतात होता, तेवढ्यात आरपार भोक पाडून दाखवलं अशी कथा सांगतात.

आणि इथे खूप पाहुणे येऊन गेलेत. १७८७ला थॉमस जेफरसन या कालव्याने गेला. त्याने आपली घोडागाडी चाकं काढून बोटीवर ठेवली आणि आत बसून प्रवास केला. कंटाळा आला की काठाने चालायचा. बोट घोडा ओढत असे, त्यामुळे चालणारा माणूस मागे पडत नसे.

सह्यकडा

बघा, जेफरसनसुद्धा उतरून चालत होता.

बाय द वे, कारकासोनबद्दल वाचलं. तो किल्ला म्हणजे निम्मा एकोणिसाव्या शतकातला ना? दुरुस्ती करणाऱ्या व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने बुरुजांवर टोकदार पाटीच्या दगडाची छपरं चढवली, जी दक्षिणेत कधी नव्हतीच म्हणतात. आपल्याकडे गडावर कुणी नवा बुरूज बांधला तर केवढा आरडाओरडा होतो. तिकडे त्याला जागतिक वारसा.

मंदगामिनी

@सह्यकडा, हा मुद्दा रास्त आहे. टीका तेव्हाही झाली. पण दुसरी बाजूही तिथेच दिसते. त्याआधी किल्ला पाडून दगड विकायचं चाललं होतं, तटाला टेकून झोपड्या होत्या. खोट्या टोप्या घातलेले बुरूज की बुरूजच नाहीत, यात निवड करायची तर मी टोप्या घेईन. आपल्या गडांच्या बाबतीत मला हे एवढ्या सहज म्हणता येत नाही, हेही कबूल.

प्रवासी_पक्षी

व्हिसाला राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचं बुकिंग चाललं का?

मंदगामिनी

चाललं, पण आम्ही बोटवाल्यांकडून वेगळं पत्र मागवलं होतं. त्यात चौघांची नावं, तारखा, 'बोटीवर झोपायची सोय आहे' हे स्पष्ट वाक्य, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या बंदराचा पत्ता. आधीच्या आणि नंतरच्या हॉटेलांची बुकिंगं जोडली. अर्जाच्या खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "मॅडम, पण पत्ता कुठला?" मी म्हटलं, रोज वेगळा.

कमळाबाईंचा_जावई

सर्वांचे आभार. सौ.ने धागा वाचला. त्यांना रामरक्षेचा बोगदा हवाय. म्हणजे बर्गंडी ठरलं. सोबत काय न्यावं?

बर्गंडीची_वाट

दोर धरायला जुने हातमोजे, ओला दोर तळवा सोलतो. कपड्यांचे चिमटे. टॉर्च. रबरी तळाचे बूट, चपला नकोत. बोटीत सुरी नेहमी बोथट असते, म्हणून छोटी धारदार सुरी, पण विमानात चेक-इनच्या सामानात, हातातल्या बॅगेत नको. मेमध्ये रात्री थंडी असते, स्वेटर हवाच. आणि बोटीचा मोठा बॅगांशी उभा दावा, कडक सुटकेस ठेवायला जागा नसते. कापडी घडी होणाऱ्या पिशव्या न्या.

सह्यकडा

एक विचारू का? उगाच, माहितीसाठी. दोघांनाच ही बोट चालवता येते का?

अर्धा_कप_चहा

आला, आला! सह्यकडा आला!

मंदगामिनी

येते. लहान बोट, उताराची दिशा, एक सुकाणूवर आणि दुसरा मधल्या खुंट्याला एकच दोर घेऊन. बहुतेक जोडपी तशीच जातात. फक्त सकाळच्या पहिल्या लॉकच्या आधी आदल्या रात्रीचं भांडण मिटवून घ्या, कारण लॉकमध्ये "तू धर" आणि "तूच धर" याला वेळ नसतो.

सह्यकडा

हं. सप्टेंबर बरा की मे?